मिशीवरची साखर

‘आरोपीच्या बुटांना चिखल आहे, म्हणजे दुकान त्यानंच फोडलं! आई काय, लेकाच्याच बाजूनं बोलणार,’ असं ठणकावून ज्यूरीप्रमुख डेलबर्टनं बाराही चिठ्ठ्यांवर ‘दोषी’ लिहून घेतलं. आरोपी पाच वर्षं आत जाणार होता. एकाएकी ज्यूरीतल्या ओपलबाई किंचाळल्या, ‘शेवटचा डोनट कुणी ढापला?’ अकरा जणांनी डेलबर्टच्या मिशीवरच्या साखरेकडे पाहिलं. ‘अहो, ती सकाळची आहे! घरी खाल्ला होता. बायकोला विचारा.’ ‘बायको काय, नवऱ्याच्याच बाजूनं बोलणार!’ लगेच मतदान झालं. डेलबर्ट अकरा विरुद्ध एक मतांनी दोषी ठरला. त्यानं खिसे उलटे करून दाखवले, तर पोट तपासायची सूचना आली. तेवढ्यात दार उघडून कोर्टाचा शिपाई डोकावला. त्याच्या हातात अर्धा डोनट होता. ‘झाला का निकाल?’ डेलबर्टनं मिशी पुसली. ‘नाही,’ तो म्हणाला, ‘आधी त्या आईची साक्ष पुन्हा ऐकवा.’