पंचवीस तरी द्या, सर

टेसाच्या फीत थोडं सरकारी अनुदान होतं आणि बरंचसं कर्ज. उरलेल्यासाठी कॉलेजनंच तिला काम दिलं होतं, रोज संध्याकाळी माजी विद्यार्थ्यांना फोन करून देणग्या मागायचं. मंगळवारी यादीत ग्लेन व्हिटमर हे नाव आलं, तेव्हा तिनं स्वतःचं नाव सांगायचं टाळलं आणि नाकात बोलत समोरचा छापील मजकूर वाचायला घेतला.

"सर, गरजू विद्यार्थ्यांसाठी फक्त पन्नास डॉलर."

"हे बघ पोरी, मी चार वर्षं नौदलात डेक घासले, तेव्हा कुठे सरकारनं माझी फी भरली. मला कुणी फुकट दिलं नाही."

"मग पंचवीस तरी द्या, सर."

"अगं, द्यायला माझी ना नाही. पण माझी मुलगी तुमच्याच कॉलेजात शिकते. तिची पै न् पै मी भरतो. कर्ज नाही, नोकरी नाही, राणीसारखी ठेवलीय. आता तूच सांग, वर तुम्हाला आणखी कुठून देऊ?"

"खरंय, सर. म्हणजे तिच्या पुढच्या सत्राची फीसुद्धा तुम्हीच भरणार?"

"मग काय शेजारी भरणार?"

टेसानं नाकात बोलणं थांबवलं.



"इथले सगळे फोन रेकॉर्ड होतात, बाबा."