नुसती मुळाक्षरं

पक्षाघाताने नीळकंठरावांची वाचा गेली होती. दुसरी शस्त्रक्रिया करायची की नाही, हे त्यांनीच लेखी सांगायचं होतं, म्हणून मुलगी मंजिरीने फोन त्यांच्या डाव्या हाताखाली धरला. हल्लीच्या कीबोर्डवर अक्षरं नसतातच. माणसाचे जुने निरोप वाचून तो तयार वाक्यं पुढे करतो, आपण एकावर बोट ठेवायचं. नीळकंठरावांसमोर तीन वाक्यं आली : 'तुम्ही म्हणाल तसं.' 'माझी हरकत नाही.' 'तुम्हीच ठरवा.' त्यांनी बोट हलवलं नाही.

मंजिरीने दुसरा कीबोर्ड लावून पाहिला, मग तिसरा. शब्द थोडे बदलले, उत्तर तेच राहिलं.

"बाबा, तुम्ही आम्हाला कायम असंच लिहीत आलात," ती हळूच म्हणाली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

शेवटी तिला कुठूनसा एक जुना कीबोर्ड सापडला. त्यावर नुसती मुळाक्षरं होती.

"याच्यावर फार वेळ जाईल," डॉक्टर म्हणाले.

"जाऊ दे."

नीळकंठरावांचं बोट 'न'वर गेलं, मग 'क'वर. काना-मात्रा शोधताना ते दोनदा चुकले, दोनदा त्यांनी खोडलं. चौदा मिनिटांनी पडद्यावर लिहून झालं : 'नको. घरी ने.'

मंजिरीला रडू फुटलं. बाबांनी आजवर स्वतःसाठी काही मागितल्याचं तिला आठवत नव्हतं. तिने डोळे पुसले आणि त्यांच्या चपला खाटेखालून पुढे ओढल्या.

"डॉक्टर, गाडी सांगा," ती म्हणाली. "आम्ही निघतो."