ओळखीची हाक

"अहो, धरा ना नीट तिला!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. तोवर बदकीण गुनवाल्डच्या हातातून निसटून साबणाच्या पाण्यात धपकन आपटली होती.

तिनं चावून गुनवाल्डच्या मनगटातून रक्त काढलं होतं. "सासूनंसुद्धा कधी इतकं फोडून काढलं नव्हतं मला," तो म्हणाला. कुणी हसलं नाही. मासळी उतरवायच्या शेडमध्ये पुठ्ठ्याची खोकी मांडली होती आणि प्रत्येक खोक्यात एक एडर बदक बसलं होतं, चोचीपासून शेपटीपर्यंत तेलानं काळं, थरथरत. काही तर साबण लागायच्या आधीच हातात गेली होती.

"तेल निघेल हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचं नाव मार्ते, पक्ष्यांच्या डॉक्टर. आत्ताच ओस्लोहून येऊन त्यांनी बाह्या सरसावल्या होत्या. "पण अशी धडपडत राहिली तर धसक्यानंच जातील. कुणाच्या हाताची सवय नाही का यांना?"

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. दारात ओद्रून उभी होती. उभी कसली, चौकटीला चिकटली होती. हात एप्रनच्या खिशात आणि नजर जमिनीत.

बेटावरची एडर बदकं म्हणजे ओद्रूनची लेकुरवाळी पाहुणी. थंडी सरली की ती समुद्रावरून यायची. त्यांच्यासाठी ओद्रून लाकडी घरटी झाडायची, आत वाळकं शेवाळ अंथरायची. पिल्लांना घेऊन ती पाण्यात गेली की मागं राहिलेली मऊ पिसं गोळा करायची. तिची आईही हेच करायची. तेवढे दिवस अख्खं बेट हळू आवाजात बोलायचं. कुत्री बांधलेली, पोरं दटावलेली. कुणाचं दार आपटलं तरी शेजारी डोळे वटारायचे.

आणि काल एक मालवाहू जहाज बाहेरच्या खडकावर चढलं. तेल सांडल्याची वर्दी येताच बेटावरच्या स्टाइनारच्या बचाव पथकानं ते अडवायला खाडीच्या तोंडाशी तरंगता बांध घातला. त्याची तालीम दर वसंतात व्हायची, सगळ्यांचे हात सरावलेले होते. बदकांचा थवा बाहेर मोकळ्या पाण्यात उतरला होता. त्यांना दूर हाकलायला आवाजाची तोफ होती. तिची तालीम मात्र कधीच झाली नव्हती. या बेटावर, ऐन बदकांच्या दिवसांत, तोफ कोण उडवणार? ती आपली पेटीतच राहायची.

आज सकाळी स्टाइनारनं पेटी उघडली आणि ओद्रून आडवी आली.

"खबरदार आवाज केलास तर! एकदा भेदरली की वर्षानुवर्षं फिरकायची नाहीत. मी बोलावते त्यांना वर. घरट्यात येऊन बसली की तेल काय करणार त्यांचं?"

स्टाइनारनं तोफ खाली ठेवली. खरं सांगायचं तर त्याला हायसंच वाटलं. ओद्रूननं काठावर जाऊन हाक दिली, "या गं बायांनो, या." आणि आली की! अख्खा थवा वळला. ओद्रूननं मागं वळून स्टाइनारकडे असं बघितलं, की बघितलंस? तो तोरा आठवला की आता तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. गार पाण्यात हे तेल डांबरासारखं घट्ट होतं आणि पाण्याखाली दडून येतं. बांधाच्या खालून सरकून ते काठच्या शेवाळात कधीच येऊन बसलं होतं. कुणालाच दिसलं नाही. बदकं त्यातूनच पोहत तिच्याकडे आली.

"ओद्रूनमावशी, ये ना गं," गुनवाल्ड काकुळतीला आला. "तुझं ऐकतील ती."

"नको."

"अगं, मरताहेत!"

"माझं ऐकलं म्हणूनच मरताहेत."

स्टाइनार बादली भरत होता, तो तसाच थांबला. "तोफ माझ्या हातात होती, मावशी. मी उडवायला हवी होती. मी कशाला ऐकलं तुझं?"

"तू ऐकलंस ते ऐकलंस रे. तू मोठा माणूस, कुणावर खापर फोडायचं ते तुला कळतं. यांना काय कळतं?"

मार्तेबाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "भांडा नंतर," त्या म्हणाल्या. "पाणी निवतंय."

ओद्रून पुढं आली. इतक्या लोकांच्या नजरांतून खोक्यापर्यंत जाणं तिला जड गेलं. काळा गोळा उचलताना तिनं अंग चोरलं. आता ही बदकीण आपल्याला चावून फोडून काढणार, आणि काढायलाच हवं, असं तिला वाटत होतं. ती हातात आखडली, पंख ताठ झाले. ओद्रूनच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "ये गं बाई."

ते पंख सैल पडले. बदकिणीनं मान लांब करून ओद्रूनच्या कोपराच्या घडीत खुपसली आणि डोळे मिटले.

मार्तेबाई भराभर साबण लावत गेल्या. काळं पाणी वाहून गेलं, पुन्हा कोमट पाणी आलं, तेही काळं झालं. हळूहळू तपकिरी पिसं दिसायला लागली. बदकीण हूं की चूं करत नव्हती.

"काय विश्वास आहे हो हिचा तुमच्यावर!" मार्तेबाई अगदी मनापासून म्हणाल्या. "नशीबवान आहात."

ओद्रूनला मान वर करवेना. तिनं त्या ओल्या डोक्यापाशी तोंड नेलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "चाव गं मला. एकदा तरी चाव."