बाजेखालची शेगडी

कोपरी गावात पौषाची थंडी पडली होती. रेल्वेतल्या कारकून जावयाने भाड्याने घेतलेल्या खोलीत गोदूताईंची लेक बाळंत झाली, आणि मायलेकरांना शेक द्यायला बाजेखाली शेगडी हवी होती. पण माळ्यावर पेंढा रचलेला. आत विस्तव नेऊ नये, अशी घरमालक धाकूची सक्त ताकीद होती. बाळाचे ओठ निळे पडले, तेव्हा गोदूताईंनी परसातल्या चुलीतले निखारे शेगडीत भरले आणि ती धाकूच्या डोळ्यांदेखत आत नेली. "हाकलायचं तर उद्या हाकला, धाकूदादा." धाकू भिजवलेलं गोणपाट घेऊन आला आणि रीतीप्रमाणे बाळंतिणीकडे पाठ करून उंबऱ्याबाहेर बसला. "पाठमोरं बसून आग लागलेली दिसणार कशी?" गोदूताई तडकल्या. "वास येल, बाय." गोणपाटाची घडी त्याने मांडीवर घेतली. "माजा पोर पेंढ्यात जलला, तवापासून तो वास मी झोपंतबी वलखतो."