नुसतं गणक नको

बंगळूरच्या विमान-संशोधन कचेरीत वसुमतीची उमेदीची वर्षं आकडेमोडीत गेली. तिच्या हुद्द्याचं नावच 'कॉम्प्युटर' होतं. मग त्याच नावाचं यंत्र आलं आणि तिची बदली टपाल विभागात झाली.

ती टेबल आवरत असताना पुण्याचा इंजिनिअर रत्नाकर आला. या नव्या यंत्राविषयी तो मराठी मासिकासाठी लेख लिहीत होता.

"वसुमतीअक्का, कॉम्प्युटरला 'गणक' म्हटलं तर चालेल?"

तिचे हात थांबले.

"नुसतं गणक नको. गणकयंत्र लिहा. गणक आम्ही आहोत."

रत्नाकरने पुढे 'यंत्र' जोडलं. वसुमतीला मात्र स्वतःचंच वाक्य खटकलं. चूक दिसल्यावर ती तशीच सोडायची तिला सवय नव्हती.

"होतो," तिने हळूच दुरुस्त केलं.