सतरा नंबरचा तुकडा

"हे चालणार नाही." पुण्याहून आलेल्या तपासनीस साहेबांनी रिपोर्टवर लाल पेन टेकवलं. "इंग्रजीत न्यूटन शब्द पूर्ण लिहिला, तर पहिलं अक्षर लहान. नुसतं चिन्ह लिहिलं, तर मोठं. तुमच्या सॉफ्टवेअरला एवढंही कळत नाही?"

कागल एमआयडीसीतल्या त्या लोखंड ओतणाऱ्या फौंड्रीच्या लॅबमध्ये इनचार्ज प्रसेनजीत एकटाच. ट्रकच्या ब्रेक ड्रमचा लॉट ओतला की त्याच लोखंडाचा एक बार तो मशीनवर ओढून तोडायचा. किती जोराला तुटला, ते कॉम्प्युटर न्यूटनच्या मापात छापायचा. दोनशे वीसच्या आत तुटला की लॉट नापास. सतरा नंबरचा लॉट एकशे एकाहत्तरला तुटला होता.

रिपोर्टवर तसंच छापलं होतं. साहेबांना शेजारचं अक्षर दिसलं, आकडा दिसला नाही. तुटका तुकडाही प्रसेनजीतनं खडूनं '१७' आणि '१७१' लिहून मुद्दाम त्यांच्यासमोर ठेवला होता. तुटलेल्या तोंडात हरभऱ्याएवढं भोक. साहेबांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांचं सगळं लक्ष खाकी कव्हर घातलेल्या नियमांच्या पुस्तकात.

तासभर प्रसेनजीत अक्षरं लहान करत बसला. मालक आण्णा मागे येऊन त्याच्या कानाशी वाकले.

"झालं न्हवं? आता सतराचा आकडाबी दोनशे एकतीस कर."

"आण्णा, घाटात ड्रम फुटला तर माणसं मरतील की."

"पावणं आकडा बघत न्हाईत. सर तिकडं."

आण्णांनी स्वतःच एका बोटानं आकडा मारला.

प्रिंटर करकरत चालू झाला. साहेब चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाशी धरून एकेक न्यूटन तपासत होते. लहान अक्षर दिसलं की बरोबरची खूण. सतराव्या रिपोर्टवर ते थांबले.

"इथे जागा दोनदा सुटलीय," साहेब म्हणाले. "असो, या वेळी चालेल." आणि तिथंही खूण केली.

थुंकावंसं वाटलं प्रसेनजीतला. पण लॅबची फरशी त्यानंच सकाळी पुसली होती.

"आता लॅब इनचार्जची सही."

"करतोय की ह्यो," प्रसेनजीतकडे बोट करून आण्णा म्हणाले. "मग जेवायलाच बसू. मटण तयार हाय."

पंख्यानं रिपोर्ट फडफडू लागले. साहेबांनी हाताला लागला तो तुटका तुकडा उचलला आणि गठ्ठ्यावर ठेवला. खडूचा आकडा वर आला. भोक त्यांच्याकडेच तोंड करून होतं.

प्रसेनजीतनं सही न करताच पेनाला टोपण लावलं.

"साहेब, तो तुकडा तरी बघा. तुटलाय त्यो."

"असू द्या हो," पुस्तकाचं कव्हर नीट करत साहेब म्हणाले. "कागद धरायला पुरतो."