मोकळा भूखंड

मानपाड्याच्या मोकळ्या भूखंडावर काय बांधायचं, हे रहिवाशांनाच विचारायला महापालिकेची अमृता सलग पाचव्या रविवारी आली होती. भूखंडाच्या कोपऱ्यात मंडप, खुर्च्या आणि चहा नेहमीप्रमाणे होताच. शालनकाकूंना बाग हवी होती, भगवानकाकांना वाचनालय.

"बाग केली की डास होणार," काका म्हणाले.

"आणि वाचनालयात वाचणार कोण? तुम्ही तर पेपरसुद्धा आमचा वाचता."

निम्मे रहिवासी काकूंच्या बाजूने, निम्मे काकांच्या. दोन तास नुसता कल्ला. आजही आपला फॉर्म कोराच जाणार, हे अमृताला दिसायला लागलं. शेवटी तिने हात जोडले.

"आज काहीतरी एक ठरवून टाका हो. एकदा ठरलं की तुम्हाला दर रविवारी इथे यायला नको."

काकांनी काकूंकडे पाहिलं. पाच रविवारांत पहिल्यांदाच दोघांनी एकत्र मान हलवली.

"लिहा मॅडम," काका म्हणाले. "हा मंडप कायमचा करा आणि खुर्च्या राहू द्या. चहा आम्ही घरून आणू."

"आणि बाकीच्या भूखंडाचं काय?"

"तो असाच मोकळा ठेवा," काकू म्हणाल्या. "नाहीतर आम्ही भांडायचं कशावरून?"